बेंजोवाल्याची स्वरांजली

बॅनरवर माझ्या मित्राचा फोटो तळहाताएवढा होता आणि कराओके क्लबच्या अध्यक्षांचा पुरुषभर उंच. हॉलच्या दारात ते पाहिलं तेव्हाच माझं तोंड कडू झालं. गेलेला माणूस कोपऱ्यात, हारासकट दाबून बसवलेला; मधोमध अध्यक्ष, माईक ओठांशी, डोळे मिटलेले, जणू सूर त्यांनाच शोधत फिरत होता. वर 'स्वरांजली' असं सोनेरी अक्षरांत. खाली सगळ्या सभासदांचे चेहरे, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. नेमकं कोण गेलं, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायची काही सोय नव्हती.

तिथूनच परत फिरावं असं मला फार वाटलं. पण माझा हात धरून त्याची बायको उभी होती, पांढऱ्या सुती साडीत, तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवत. तिला त्या संध्याकाळी एकच गोष्ट हवी होती. तिच्या नवऱ्याने एक चाल लावली होती. ती आम्हा तिघांशिवाय कुणी ऐकलेली नव्हती. ती एकदा चार लोकांत म्हटली जावी, बस. हार नको, शाल नको, 'कधी न भरून येणारी पोकळी' तर मुळीच नको.

माझा मित्र बेंजो वाजवायचा. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा असलेलं हे वाद्य आमच्याकडे जयंतीच्या आणि कव्वालीच्या कार्यक्रमांत हमखास असतं, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. लोक गाणाऱ्याकडे बघतात. हा मागे मांडी घालून बसायचा, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, मान खाली. गाणारा सूर सोडून भलतीकडे निघाला की हा गुपचूप त्याच्या मागे जाऊन त्याला हाताला धरून घरी आणायचा, आणि टाळ्या गाणाऱ्याला पडायच्या. मला याचा राग यायचा. त्याला यायचा नाही. "गाणारा पडला तं कार्यक्रम पडते वं," म्हणायचा. "मी पडलो तं कोनाले मालूम होते?"

आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. मी पुढे शाळेत मराठी शिकवायला लागले, तो हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला. योगायोगाने दोघंही नागपुरातल्या नंदनवन वस्तीत राहायला आलो, एक गल्ली सोडून. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसने तो दुपारी परतायचा, जेवून थोडा पडायचा आणि संध्याकाळी बेंजो पुढ्यात घ्यायचा. त्याची बायको कुहीकडची, धानाच्या मुलखातली. त्याची आईसुद्धा तिकडचीच. घरात सगळ्या गप्पा शेवटी रोवणीवर, म्हणजे भाताच्या लावणीवर, आणि पोह्यांवर यायच्या.

आयुष्यभर त्याने उसन्या चाली वाजवल्या. सिनेमातलं गाणं गाजलं की आठवड्याभरात त्याच्या चालीवर जयंतीचे नवे शब्द बसवून कुणीतरी हजर. तो वाजवायचा, कारण वाजवणं हे त्याचं काम होतं. पण घरी आल्यावर चिडायचा. "आपल्या मानसाले दुसऱ्याचे कपडे घालून उभा केल्यासारखं वाटते मले," म्हणायचा. "बाह्या लांब, खांदे ढिले, अन् वरून सांगतेत का राजा दिसून राहिला."

म्हणून माझी एक कविता त्याने स्वतःहून मागून घेतली तेव्हा मला नवल वाटलं. माझ्या कविता आजवर कुणी गायल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर फारशा कुणी वाचल्याही नव्हत्या. ही त्याच्याच आईवर होती. तिच्या रोवणीच्या गोष्टी त्याने इतक्यांदा सांगितल्या होत्या की एके दिवशी त्या आपोआप ओळींत उतरल्या. तिकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात.

बांधीत उभी माय, पाय चिखलात,
सावली तिची हालते गुडघाभर पाण्यात.

आणि पुढे अंतऱ्यात:

रोवता रोवता सरला दिस, वाकली कंबर,
उभी झाली तेव्हा कळलं, केवढं हे अंबर.

या ओळींना त्याने जी चाल लावली ती ऐकून पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. फार साधी होती. 'माय' या शब्दावर सूर जरा खाली उतरायचा आणि मग एकदम काहीच नाही. शांतता. बेंजोही गप्प. मला वाटलं हा विसरला. मी पुढची ओळ सांगायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला.

"थांब वं. रोवनारी बाई मधातच कंबर सरळ करते न? तेवढा टाइम दे तिले."

त्या थांब्यानंतर 'पाय चिखलात' यायचं ते असं, की खरोखर कुणीतरी पुन्हा वाकलंय. त्याची बायको गॅसपाशी उभी होती. तिने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली. त्या दिवशी करपल्या पोळीवरून कुणी कुणाला बोललं नाही.

मी म्हटलं, मोबाईलवर घेऊ दे मला हे. त्याने साफ नकार दिला. अंतरा अजून जमला नव्हता. 'केवढं हे अंबर' कधी वर न्यायचा, कधी सपाट ठेवायचा. "पिकू दे. कच्चं तोडून काहून खाऊन राहिली?" असं कितीतरी महिने चाललं. मी आणि त्याची बायको, आम्ही दोघी त्याचा श्रोतृवृंद. अंतरा बदलला की आम्ही भांडायचो, तिला कालचा आवडायचा, मला आजचा.

उन्हाळ्याच्या तोंडी एके दुपारी तो कंपनीच्या बसमध्येच गेला. खिडकीला डोकं टेकलेलं होतं. सगळ्यांना वाटलं झोपलाय. घरापाशी बस थांबली तरी उतरेना, तेव्हा कळलं.

घरचं पुण्यानुमोदन नेटकं झालं. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, लोक जेवून गेले. त्याच्याबरोबर वाजवणारे एकदोघं बोलले, मोजकंच. एक ढोलकवाला बोलता बोलता थांबला आणि खाली बसला. त्यात कुठेही खोटं नव्हतं. माणसं दुःखात असतात तेव्हा कशी वागतात हे मला त्या दिवशी पाहायला मिळालं, म्हणूनच पुढचं अधिक झोंबलं.

मला त्याच्यावर शोककविता लिहायची होती. मराठी शिकवणाऱ्या बाईकडून लोक तशी अपेक्षाही करतात. बसले की 'तार तुटली', 'मैफल सुनी' असलं काहीतरी हाताला यायचं आणि स्वतःचीच शिसारी यायची. जन्मभर मुलांच्या निबंधांतून हीच वाक्यं मी लाल पेनाने खोडली होती. शेवटी लिहिणं सोडलं. मी संध्याकाळी त्याच्या घरी जायला लागले. त्याची बायको, माझी वहिनी, भाजी चिरायची, मी समोर बसायचे आणि आम्ही दोघी ती चाल म्हणायचो. ना तिला गाण्याचं अंग ना मला. पण ती थांब्यावर न चुकता थांबायची. अंतऱ्यावर आमचं अजूनही भांडण व्हायचं.

"त्याईनं शेवटी खालीच ठेवला होता, ताई."

"नाही वं, वर नेला होता. शेवटच्या रविवारी."

"तुमी चहा प्यायले गेल्या होत्या तवा बदलवला."

असं भांडताना तो घरातच कुठेतरी आहे असं वाटायचं. माझा शोक जो काही झाला तो त्या स्वयंपाकघरात झाला.

अध्यक्ष पुण्यानुमोदनाला आले होते. निवृत्त अधिकारी, सफारी सूट, बोटात पाणीदार खड्याची अंगठी. माझा मित्र कधीमधी त्यांच्या घरगुती कार्यक्रमात वाजवायला जायचा, एवढीच ओळख. त्यांनी वहिनीला सांगितलं की क्लबतर्फे मोठी स्वरांजली ठेवू. वहिनीनेच मग हळूच तिच्या मनातलं सांगितलं. आम्ही दोघी म्हणू, ढोलकवाला साथीला बसेल, पाच मिनिटांचं काम. अध्यक्षांनी माझ्याकडून गाण्याचे शब्द मागून घेतले.

"शब्द कशाला?" मी विचारलं.

"मॅडम, आपण काहून टेन्शन घेऊन राहिल्या? निवेदनात लागतात. एकदम मस्त होईल, बघाच तुम्ही."

मी पाठवले. त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

तर तो हॉल. कराओके म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: गाण्यातून गाणाऱ्याचा गळा काढून टाकायचा आणि उरलेलं संगीत स्पीकरवर लावायचं. त्याला ट्रॅक म्हणतात. समोर टॅबलेटवर शब्द सरकत असतात, ते वाचत आपण गायचं. नागपुरात आता गल्लोगल्ली असे क्लब निघालेत. लोकांनी हौस करावी, मला त्यात काही म्हणायचं नाही. पण जो माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या मागे बसून साथ करत आला, त्याला श्रद्धांजली द्यायला स्टेजवर एकही वाजवणारा नको? नव्हता. बेंजो नाही, पेटी नाही, काही नाही. दोन भलेमोठे स्पीकर आणि लॅपटॉप. ढोलकवाला ढोलक गवसणीत घालून आला होता. त्याला दारातच एकाने सांगितलं, "काका, ट्रॅक आहे. तुमची गरज नाही." तो मागच्या रांगेत बसला, ढोलक मांडीवर घेऊन.

आधी कवी झाले. नागपुरात कुणी गेलं की कवींना बातमी घरच्यांच्या आधी लागते. एकाने 'सुरांचा सूर्य मावळला' म्हटलं, दुसऱ्याने 'सुरांचा चंद्र', तेव्हा आता तारे येणार हे मी ओळखलं आणि आलेच. एका कवीने माझ्या मित्राला 'महान गायक' केलं. तो जन्मात गायला नव्हता. एक बाई तर प्रेमकविता म्हणाल्या. फक्त शेवटी 'तू' च्या जागी 'तुम्ही' घातलं आणि फोटोकडे हात केला. वाह वाह झालं. वहिनी पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती, सगळं खरं मानून. मला उबग आला होता, इतका की समोर ठेवलेलं पाणीही घेववेना.

मग गाणी. एकेक सभासद यायचा, 'दादांच्या स्मृतीस' म्हणायचा आणि आपलं ठरलेलं गाणं गायचा. समुद्रकिनाऱ्यावरची, पहिल्या भेटीची, पावसात भिजण्याची. एकजण दुसऱ्या ओळीला तालातून घसरला. ट्रॅक काही त्याच्यासाठी थांबला नाही, आपला पुढे निघून गेला. तो बिचारा टॅबलेटवर बोट नाचवत त्याच्या मागे धावत राहिला. हसू यायला हवं होतं. मला मात्र मान खाली घालून मागे बसलेला माझा मित्र आठवला.

आणि मग अध्यक्ष उठले. म्हणाले, "आता एक सरप्राइज. दादांचं एक अप्रकाशित गाणं आम्हाला मिळालंय. क्लबतर्फे वहिनींना ही भेट." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, आपल्याला बोलावतायत.

स्पीकरमधून एका जुन्या फिल्मी गाण्याचं संगीत सुरू झालं. वरातीत बँडवाले वाजवतात ते, घोड्यासमोर पोरं नाचतात ते. आणि त्यावर अध्यक्ष गाऊ लागले:

बांधीत उभी माय, पाय चिखलात…

अक्षरं मोजून शब्द बसवले होते. फिटही बसले होते, हेच तर किळसवाणं. थांबा बिंबा काही नाही. माय कंबर सरळ करायची ती ठुमकायला लागली. 'केवढं हे अंबर' ला त्यांनी मोकळा हात हवेत फिरवला आणि लोकांना ताल धरायची खूण केली. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. दोनदा म्हटलं त्यांनी ते कडवं. संपल्यावर कपाळाचा घाम पुसून माझ्याकडे बघून हसले. माझ्या कवितेचं सोनं केलं असा त्यांचा चेहरा. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि हे मला आजही माफ करता येत नाही. वाईट हेतूने केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मागे पाहिलं तर ढोलकवाला उठून गेला होता.

"आता वहिनी आणि मॅडम तेच गाणं आपल्या शब्दांत सादर करतील," निवेदिका म्हणाली. मी वहिनीचा हात दाबला. म्हटलं, "चल, घरी जाऊ." ती म्हणाली, "नाही ताई. लोकाईनं त्याईचं ऐकलंच नाही अजून."

आम्ही स्टेजवर गेलो. साथीला कुणी नाही. माईक तिने दोन्ही हातांनी धरला होता. माझं लक्ष त्या अध्यक्षांकडे होतं, ते स्टेजवरच खुर्ची टाकून बसले होते आणि पायाने ताल धरत होते. वहिनीने पहिले शब्द कसे घेतले हे मला धड कळलंही नाही. एवढं कळलं की ती थांबली, आणि त्या शांततेत लोकांना वाटलं ही अडखळली. सगळ्यांनी तिला सांभाळून घ्यायला टाळ्या सुरू केल्या. त्याच मघाच्या ठेक्यात. समोरून दोघातिघांनी पुढची ओळही म्हटली, त्याच वरातीच्या चालीत, मदत म्हणून.

आणि वहिनी त्यांच्याबरोबर वाहवत गेली. मीसुद्धा. तिच्या तोंडून ती भलतीच चाल निघाली, माझ्याही. एक ओळ पूर्ण झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हणतोय. तिने माईक तोंडापासून दूर नेला. अध्यक्ष लगबगीने उठले, तिच्या हातून माईक घेतला आणि म्हणाले, "भावना अनावर झाल्या. जोरदार टाळ्या!" ट्रॅक पुन्हा लागला. उरलेलं गाणं त्यांनीच पूर्ण केलं.

घरी आल्यावर चहाही न करता म्हणाली, "म्हणा बरं." मी सुरुवात केली. 'बांधीत उभी' पर्यंत गेले आणि पुढे वरात आली. तिने सुरुवात केली, तीही तिथेच घसरली. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. ती चाल चिखलासारखी पायाला धरून होती, सुटतच नव्हती. अंतऱ्यावर तर भांडायलाही काही उरलं नव्हतं, कारण वर नेला होता की खाली ठेवला होता हे दोघींनाही सांगता येईना.

"मीच विसरली ताई," ती म्हणाली. "घरात राहून मी विसरली."

मी तिला समजावलं, दोन दिवसांत डोकं स्वच्छ होईल, येईल परत. आठवडा गेला, महिना गेला. आली नाही. आम्ही दोघी गाणाऱ्या नव्हतो. आमच्याकडे ती चाल सवयीने होती, आणि सवय मोडली होती. मला त्या माणसाचा इतका संताप होता की त्यांचा फोन आला तरी मी उचलत नव्हते.

मग त्यांनी व्हिडिओ पाठवला. स्वरांजलीचा, कापून जोडून सजवलेला. सुरुवातीला क्लबचं नाव फिरत येतं, मग अध्यक्षांचं, मग फुलं उधळतात. वहिनीच्या रडवेल्या चेहऱ्यावर कॅमेरा जवळ नेलाय आणि खाली लिहिलंय 'हृदयस्पर्शी क्षण'. मी शिव्या घालत तो पुसायला बोट ठेवलं होतं. वहिनी शेजारी बसली होती. म्हणाली, "दाखवा मले."

"काही नको बघू ते."

"दाखवा न."

मी दाखवला. तिने आपला चेहरा, ती अक्षरं, काही पाहिलं नाही. तिने फोन कानाला लावला. मग पुन्हा मागे न्यायला सांगितला. मग मीही कान लावला.

'बांधीत उभी माय.' स्टेजवरचा वहिनीचा आवाज होता, आणि चाल बरोबर होती. 'माय' वर सूर खाली उतरत होता, अगदी त्याने ठेवला होता तसा. त्यानंतर क्षणभर काहीच नाही. मग टाळ्या, आणि सगळं संपलं.

त्याची तेवढीच चाल आता या जगात उरली आहे, आणि ती त्या माणसाच्या व्हिडिओत आहे, त्याच्या नावाच्या पट्टीखाली. मी तो पुसू शकत नाही. वहिनीच्या फोनमध्येही घालून दिलाय. ती भाजी चिरताना लावते, आणि टाळ्या यायच्या आत ओल्या बोटाने बंद करते.